मेलबर्न, दोघं आणि दोन सॅक: चार-पाच दिवस स्वस्तात कसे जमवायचे

आधीच सांगून टाकते, मेलबर्न शहरात पैसे उडवू नका, शहराबाहेरच्या एका दिवसासाठी राखून ठेवा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. पहिल्या दोन दिवसांत उंच बिल्डिंगवरून व्ह्यू बघायचं तिकीट, नदीतली क्रूझ, मत्स्यालय असं सगळं उरकतात आणि मग समुद्राकाठच्या ग्रेट ओशन रोडची वेळ आली की एकमेकांकडे बघत "जाऊदे ना, फोटोत बघितलाय" म्हणतात. अरे, त्यासाठीच तर आलात एवढ्या लांब! शहरातलं जे खरंच बघण्यासारखं आहे ते जवळजवळ सगळं फुकट आहे, आणि तेही खूप चांगलं फुकट.

दुसरी गोष्ट, आठवड्याच्या वारानुसार प्लॅन करू नका, हवेनुसार करा. इथे एका दिवसात चार ऋतू होतात असं तिथलेच लोक म्हणतात आणि ते उगाच नाही. उत्तरेकडून वाळवंटी भागातला गरम वारा आणि दक्षिणेकडून थेट दक्षिण महासागरावरचा गार वारा, यांच्या मधे हे शहर बसलंय. उन्हाळ्यात दुपारी ३८ डिग्री असतं, मग वारा फिरतो आणि अर्ध्या-पाऊण तासात पारा पंधरा-वीस डिग्री खाली येतो, याला ते कूल चेंज म्हणतात. त्यामुळे डोक्यात तीन प्रकारचे दिवस तयार ठेवायचे: एक आतला (लायब्ररी, म्युझियम), एक बाहेरचा (गार्डन, बीच) आणि एक लांबचा. रोज रात्री तिथल्या हवामान खात्याचं अ‍ॅप बघायचं, ब्युरो ऑफ मेटिऑरॉलॉजीचं, फोनमधलं नेहमीचं नको, आणि मग उद्या कुठला दिवस वापरायचा ते ठरवायचं. सॅकमध्ये पातळ जॅकेट बारा महिने. आणि ऋतू आपल्या उलटे असतात हे माहीत असूनही लोक मे महिन्याच्या सुट्टीत टी-शर्ट घेऊन जातात, तिथे तेव्हा थंडी सुरू झालेली असते आणि जून-जुलैत संध्याकाळी पाच-सव्वापाचला अंधार. डिसेंबर-जानेवारीत मात्र पावणेनऊपर्यंत उजेड, म्हणजे एका दिवसात दीड दिवस मिळतो.

निघायच्या आधीचं थोडक्यात. टुरिस्ट व्हिसा सबक्लास ६००, ऑनलाइन अर्ज, पासपोर्टवर शिक्का-बिक्का काही लागत नाही, फी माणशी असते, नवरा-बायको म्हणून एकच फी असं काही नाही. तुम्ही दोघं १८ ते ३० मधले असाल आणि थोडं काम करत करत फिरायचं मनात असेल तर २०२४ पासून भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा, सबक्लास ४६२, उघडलाय, पण वर्षाला १००० जागा आणि त्याही लॉटरीने, आणि दोघांचा नंबर एकदम लागेल याची काही गॅरंटी नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर घरी राजीनामा देऊ नका.

आता खाऊ. आई आणि सासूबाई दोघी मिळून जी पिशवी भरतील तिच्यातून कढीपत्ता, ताजी फळं-भाज्या, दुधाची मिठाई, बिया आणि मोड येतील असं कडधान्य आधीच काढा. पेढे तर नकोच. बाकी जे काही खायचं नेताय, फॅक्टरी पॅक चिवड्याच्या पाकिटासकट, ते सगळं विमानात मिळणाऱ्या कार्डावर 'हो' म्हणून लिहायचं. लिहिलं की फार तर ऑफिसर बघून एखादी वस्तू फेकून देतात, दंड नाही. न लिहिता सापडलं तर मात्र जबर दंड आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. एक गोष्ट आपल्या ट्रेकर मंडळींना कोणी सांगत नाही, बुटाच्या तळव्याला चिकटलेली मातीपण चालत नाही, म्हणजे राजगड उतरून आलेले बूट तसेच सॅकमध्ये कोंबून नेऊ नका. ब्रशने घासून, वाळवून न्या, आणि तरी कार्डावर लिहा.

प्लगची पिन वेगळी असते, दोन तिरक्या आणि एक सरळ. दोघांसाठी चार-पाच अडॅप्टर घेत बसू नका, एक अडॅप्टर आणि घरातला एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड, झालं काम. हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये (अनेकांची मिळून एक खोली) बेडपाशी एकच सॉकेट असतो त्यामुळे हा बोर्ड बघून बाजूचा जर्मन पोरगा पण दोस्ती करायला येतो.

एअरपोर्ट शहरापासून साधारण २३ किलोमीटर, टुलामरीन म्हणतात, आणि तिथून शहरात थेट ट्रेन नाहीये. स्कायबस थेट सदर्न क्रॉस स्टेशनला सोडते, सोपं आहे पण माणशी वीस डॉलरच्या वरच, दोघांचे मिळून मोजा (एक डॉलर म्हणजे साठ रुपये धरून चाला, हिशोब सोपा पडतो). स्वस्तातला रस्ता असा की ९०१ नंबरची साधी बस घ्यायची, ब्रॉडमेडोज स्टेशनला उतरायचं आणि क्रेगीबर्न लाइनची ट्रेन पकडून शहरात. याला मायकी कार्ड, म्हणजे तिथलं बस-ट्राम-ट्रेनचं कार्ड, लागतं, जे नंतर लागणारच आहे. वेळ जास्त जातो, रात्री उशिरा उतरलात तर हे धाडस नको, स्कायबसच घ्या, प्रवासाने दमलेल्या दोघांचं भांडण वीस डॉलरपेक्षा महाग पडतं.

मायकी कार्ड ६ डॉलरला, प्रत्येकाचं वेगळं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाही. दिवसाला जास्तीत जास्त किती पैसे कापायचे याला मर्यादा आहे, अकरा डॉलरच्या आसपास, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी त्याहून कमी, त्यानंतर दिवसभर कितीही फिरा. आणि शहराच्या मध्यभागी ट्राम पूर्ण फुकट! २०१५ पासून फ्री ट्राम झोन आहे, साधारण क्वीन व्हिक्टोरिया मार्केटपासून फ्लिंडर्स स्ट्रीटपर्यंत आणि स्प्रिंग स्ट्रीटपासून डॉकलँड्सपर्यंत. या भागात चढून या भागातच उतरणार असाल तर कार्ड टेकवायचंच नाही, टेकवलंत तर पैसे गेले. पण झोन कुठे संपतो हे बघत राहा, ट्राममध्ये अनाउन्समेंट होते, स्टॉपवर पण लिहिलेलं असतं, आणि साध्या कपड्यातले तपासनीस नेमके त्या हद्दीच्या पुढच्या स्टॉपवर असतात, दंड तीनशे डॉलरच्या घरात. फेडरेशन स्क्वेअर झोनमध्ये, पण नदीपलीकडची आर्ट गॅलरी झोनच्या बाहेर, तिथे पूल ओलांडून चालत जा, पाच-सात मिनिटं लागतात.

मुंबईतली ट्राम १९६४ ला बंद झाली, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून नुसतं ऐकलेलं असतं, इथे मात्र साधारण २५० किलोमीटरचं जाळं अजून धडधडतंय, जगातलं सगळ्यात मोठं. ३५ नंबरची सिटी सर्कल जुन्या लाकडी डब्यांची असते, ती पण फुकट, पहिल्या दिवशी दमलेले असाल तर सॅक टाकून सरळ तिच्यात बसा आणि शहराला एक वळसा घाला. आणि हो, गाडी भाड्याने घेणार असाल तर शहरात चालवू नका. ट्रामच्या रस्त्यांवर काही चौकात उजवीकडे वळायचं असेल तर आधी डावीकडच्या लेनमध्ये जाऊन थांबायचं आणि सिग्नल बदलल्यावर वळायचं असतं, हूक टर्न म्हणतात, पुण्यात गाडी चालवलेल्या माणसाला पण घाम फुटतो.

राहायचं कुठे. दोघं असताना हॉस्टेलचा हिशोब एकट्या माणसासारखा नसतो. डॉर्मचा बेड चाळीस-पन्नास डॉलर, दोघांचे झाले ऐंशी-शंभर, आणि त्याच हॉस्टेलमधली दोघांची प्रायव्हेट खोली एकशेवीस-तीसला मिळते कधीकधी, म्हणजे बुकिंग करताना दोन्ही किमती शेजारी ठेवून बघायच्या. मला विचाराल तर पाच रात्री असतील तर तीन डॉर्म आणि दोन खोली अशी विभागणी बेस्ट, खोली शेवटी ठेवा, तेव्हा दोघांनाही एकमेकांशी नीट बोलायची गरज असते. स्वतःचं कुलूप न्या, लॉकर असतो पण कुलूप नसतं. स्लीपिंग बॅग बेडवर वापरू देत नाहीत ढेकणांच्या भीतीने, चादर-उशी बहुतेक ठिकाणी देतात, तेव्हा ते वजन उगाच वाहू नका. सदर्न क्रॉस, फ्लिंडर्स स्ट्रीट, क्वीन व्हिक्टोरिया मार्केट या त्रिकोणात कुठेही राहा, फ्री ट्रामच्या आत राहिलात की रोजचे पैसे वाचतात. सेंट किल्डाला बीचजवळ हॉस्टेलं स्वस्त दिसतात आणि माहौल पण मस्त, पण रोज ट्रामचे पैसे धरले तर फरक उरत नाही, आणि पार्टीवाली गर्दी असते, झोपेला महत्त्व देणारे असाल तर नको.

तारखा ठरवायच्या आधी एवढं बघा: जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन, मार्चमध्ये अल्बर्ट पार्कची फॉर्म्युला वन रेस, सप्टेंबरच्या शेवटी फूटीची (तिथल्या फुटबॉलची) फायनल, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत आणि २६ डिसेंबरपासून बॉक्सिंग डे टेस्ट. या दिवसांत हॉस्टेलचे रेट दुप्पट होतात.

जेवणावरच बजेट फुटतं, म्हणून हे जरा सविस्तर. बाहेर बसून साधं जेवण माणशी पंचवीस डॉलरच्या खाली पडत नाही, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तर वरून दहा-पंधरा टक्के सरचार्ज लावतात. टिप द्यायची गरज नाही. दिवसातून एकदाच बाहेर खायचं, तेही दुपारी, आणि रात्री हॉस्टेलच्या किचनमध्ये. किचनमध्ये फ्री फूड नावाचा एक कप्पा असतो, निघून जाणारे लोक उरलेला पास्ता, तांदूळ, तेल, मीठ ठेवून जातात, स्वयंपाकाला सुरुवात करायच्या आधी तो बघायचा, तेलाची बाटली विकत घ्यायची वेळच येत नाही. फ्रिजमध्ये आपल्या पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहायची, नाहीतर साफ करणारे फेकतात. कोल्स, वुलवर्थ्स आणि आल्डी ही तीन सुपरमार्केटं, संध्याकाळी उशिरा ब्रेड आणि तयार सॅलडवर पिवळे-लाल स्वस्त झाल्याचे स्टिकर लागतात. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी थेट प्यायचं.

फोडणीबद्दल एक गंभीर सूचना. हॉस्टेलचे धुराचे अलार्म भलतेच हळवे असतात. मोहरी-हिंगाची खमंग फोडणी दिलीत आणि एक्झॉस्ट लावला नसेल तर अलार्म वाजतो, रात्री नऊला अख्खी बिल्डिंग पायजम्यात फुटपाथवर उभी राहते आणि फायर ब्रिगेडच्या फेऱ्याचा खर्च ज्याने धूर केला त्याच्या माथी मारू शकतात. खिचडी कुकरशिवाय, मंद आचेवर, झाकण ठेवून. मिरची तडतडवायची हौस भारतात परत आल्यावर.

बाहेर खायचं तर स्वस्त आणि पोटभर म्हणजे व्हिएतनामी. रिचमंडमधली व्हिक्टोरिया स्ट्रीट किंवा फुटस्क्रे, बान्ह मी नावाचं कुरकुरीत पावातलं सँडविच दहा डॉलरच्या आसपास, टोफूवालं पण मिळतं, मात्र शाकाहारी असाल तर फिश सॉस घालू नका असं स्पष्ट सांगा, नुसतं व्हेज म्हटलं तर त्यांच्या डोक्यात तो येतच नाही. कॉफीचं तर वेडच आहे या शहराला, फ्लॅट व्हाइट पाच-सहा डॉलर, दिवसाला एक कॉफी दोघांनी बसून प्या, ती चैन करावी. चहावाल्यांनी स्वतःचे टी बॅग न्यावेत, तिथे चाय लाटे नावाने जे येतं त्याला आपण चहा म्हणणार नाही.

पहिला दिवस सगळा पायी. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या पिवळ्या इमारतीपासून सुरुवात करा, घड्याळांखाली भेटू असं तिथले लोक म्हणतात ती हीच घड्याळं. एक गंमत, तिथे गाईड लोक छातीठोक सांगतात की नकाशांची अदलाबदल झाली, हे स्टेशन मुंबईसाठी होतं आणि आपलं व्हीटी मेलबर्नसाठी. ऐकायला भारी वाटतं पण व्हीटी १८८७-८८ ला उभं राहिलं होतं आणि या स्टेशनची डिझाइन स्पर्धाच १८९९ ला झाली, बांधून पूर्ण १९१० ला, तेव्हा अदलाबदल कधी झाली म्हणे? जिंकणारे दोघं तिथल्याच रेल्वेचे कर्मचारी होते. समोर फेडरेशन स्क्वेअर, तिथे ऑस्ट्रेलियन चित्रांची गॅलरी आणि सिनेमाचं म्युझियम अ‍ॅक्मी, दोन्ही फुकट. शेजारच्या होझियर लेनमध्ये भिंतीवरची चित्रं, रोज बदलतात, आज काढलेला फोटो उद्या मिळत नाही. मग डीग्रेव्ह्ज स्ट्रीट, ब्लॉक आर्केड, १८७० ची रॉयल आर्केड, असं गल्ली-बोळातून स्टेट लायब्ररीपर्यंत वर वर चालत जा.

स्टेट लायब्ररी चुकवू नका. १९१३ चा घुमट आहे, खाली अष्टकोनी मोठा हॉल, मधून चाकाच्या आऱ्यांसारखी टेबलं, हिरवे दिवे, आणि लिफ्टने वर जाऊन ते सगळं वरून बघता येतं. नेड केली नावाचा दरोडेखोर, ज्याला १८८० मध्ये इथल्याच तुरुंगात फाशी दिली, त्याने नांगराच्या लोखंडापासून बनवलेलं चिलखतही इथेच आहे. पाऊस असेल तर अर्धा दिवस इथे सहज जातो, वायफाय फुकट, पुढच्या दिवसांची बुकिंग इथे बसून करा.

नदीपलीकडच्या नॅशनल गॅलरीत आत शिरतानाच काचेवरून पाणी वाहतं, त्याला हात लावायला परवानगी आहे, आणि आत मोठ्या हॉलचं छत रंगीत काचांचं आहे, लोक सरळ जमिनीवर उताणे पडून बघतात, तुम्हीही पडा, पायांना पण विश्रांती. कायमचं कलेक्शन फुकट, मोठ्या तात्पुरत्या प्रदर्शनांना तिकीट. तिथून पुढे श्राइन ऑफ रिमेम्ब्रन्स, १९३४ चं युद्धस्मारक, त्याच्या गच्चीवरून शहर समोर दिसतं, फुकट, म्हणूनच म्हटलं उंच बिल्डिंगचं तिकीट नको. शेजारी बोटॅनिक गार्डन, ३८ हेक्टर, डबा तिथे खायचा.

क्वीन व्हिक्टोरिया मार्केट सोमवारी आणि बुधवारी बंद असतं, हे बघूनच दिवस लावा, कितीतरी लोक बंद शटरचे फोटो काढून परत येतात. १८७८ पासूनचा बाजार. डेली हॉलमध्ये पालक-चीज भरलेला गरम बोरेक घ्या, एकात एकाचं पोट भरतं, आणि बाहेरच्या व्हॅनवरचे गरम जॅम डोनट, आतला जॅम जीभ भाजतो, सावकाश. खरेदी शेवटच्या तासात करायची, भाजीवाले ओरडून ओरडून भाव पाडतात, आपल्या मंडईत संध्याकाळी होतं तसंच. उन्हाळ्यात आंबे मिळतात, केन्सिंग्टन प्राइड म्हणतात, बरा आहे, पण देवगडवाल्यांनी तिथे तोंड उघडू नये, मुकाट खावा.

एमसीजी म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. इथे मात्र मी माझाच नियम मोडते, तिकीट काढून टूर घ्या, निदान दोघांपैकी ज्याला क्रिकेटचं वेड आहे त्याने तरी. मॅच नसेल त्या दिवशी असते. १८७७ ची पहिली टेस्ट इथे झाली, १९७१ ची पहिली वन डे पण इथेच. आणि मराठी माणसाचं इथे बरंच काही अडकलंय. १९८१ मध्ये लिलीच्या बॉलवर एलबीडब्ल्यू दिल्यावर गावसकर चिडून चेतन चौहानलाही सोबत घेऊन निघाले होते, मॅनेजरने चौहानला सीमारेषेवरून परत पाठवलं म्हणून मॅच राहिली, आणि मग कपिलने मांडी दुखत असताना पाच विकेट काढून ऑस्ट्रेलियाला ८३ मध्ये गुंडाळलं. आणि २०२० ला अ‍ॅडलेडमध्ये ३६ ऑल आउट झाल्यावर, कोहली घरी गेलेला, कॅप्टन अजिंक्य रहाणेने इथेच ११२ काढून मॅच जिंकून दिली. २०१४ मध्येही त्याने इथे १४७ मारले होते. फ्लिंडर्स स्ट्रीटवरून नदीकाठाने बिरारुंग मार बागेतून चालत वीसेक मिनिटं. बिरारुंग हे नदीचं मूळ नाव, इथल्या वुरुंजेरी लोकांचं, यारा हे नंतरचं. मार्च ते सप्टेंबरमध्ये गेलात तर टूर राहू द्या, त्याच पैशात फूटीची मॅच बघा, नियम कळले नाहीत तरी चालतं, बाजूचा कोणीतरी समजावतोच, आणि न विचारता कुठल्या टीमचे व्हायचं ते पण ठरवून टाकतो.

यावरूनच दोघांसाठी एक सल्ला. एक अर्धा दिवस वेगवेगळे फिरा. एक जण एमसीजीवर, दुसरा लायब्ररीत नाहीतर ऑप शॉपमध्ये (सेकंडहँड कपड्यांची दुकानं, जॅकेट दहा डॉलरला मिळतं), आणि संध्याकाळी घड्याळांखाली भेटा. चोवीस तास एका बंक बेडवर काढल्यावर हे गरजेचंच असतं, यात कोणी कोणावर रुसायचं नाही. पैशाचं पण आधीच ठरवा, रोजची एक रक्कम एकाच फोरेक्स कार्डवर, कार्ड एकाकडे आणि नकाशा दुसऱ्याकडे, म्हणजे दोघांनाही एकमेकांवर ओरडायला सारखीच संधी मिळते. सिम पण एकाचंच डेटावालं, दुसऱ्याने हॉटस्पॉट घ्यायचा, फक्त वेगळे फिरणार त्या दिवशी वेळ आणि जागा आधी पक्की करा.

चांगल्या हवेची संध्याकाळ मिळाली की ९६ नंबरच्या ट्रामने सेंट किल्डा, इथे कार्ड टेकवा. १९१२ चं लुना पार्क, तो भलामोठा उघडा जबडा म्हणजे गेट, आत जायची गरज नाही, अकलंड स्ट्रीटवरची केकची दुकानं आणि मग सूर्यास्त. ब्रायटनच्या बीचवरच्या रंगीत पेट्यांसारख्या खोल्या बघायच्याच असतील तर सँडरिंगहॅम लाइनची ट्रेन, अर्ध्या तासात फोटो होतात, मुद्दाम अख्खा दिवस घालवू नका. दुपारी बीचवर जाणार असाल तर सनस्क्रीन थापा, तिथलं ऊन आपल्यापेक्षा गार वाटतं पण अतिनील किरणं जबरदस्त असतात, सावळी कातडी आहे म्हणून काही होत नाही हा गैरसमज आहे.

आता तो राखून ठेवलेला दिवस. ग्रेट ओशन रोड, टॉर्कीपासून अ‍ॅलन्सफोर्डपर्यंत २४३ किलोमीटर, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये खोदून काढला, मेलेल्या साथीदारांचं स्मारक म्हणून. दोघांना तीन पर्याय. टूर बस, माणशी शंभर ते दीडशे डॉलर, डोक्याला ताप नाही, पण प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं आणि शिट्टी. भाड्याची गाडी, दोघांच्या टूरपेक्षा थोडी स्वस्त पडते, अजून दोघं हॉस्टेलमधून मिळाले तर फारच स्वस्त, नोटीस बोर्डवर चिठ्ठी लावा. आपलं इंग्रजीतलं लायसन्स टुरिस्टला चालतं, गाडी डावीकडूनच, त्यामुळे सोपं. फक्त स्पीड लिमिट म्हणजे लिमिट, कॅमेरे सगळीकडे, आणि टोलनाके नसतात, नंबर प्लेटवरून पैसे कापले जातात, गाडी घेताना ते कसं ते विचारून घ्या.

टूरवाले किनाऱ्याने जातात आणि ट्वेल्व्ह अपॉसल्सला, म्हणजे समुद्रात उभ्या असलेल्या चुनखडीच्या खांबांपाशी, दुपारी सगळे एकदम पोचतात. तुम्ही उलटं करा, पहाटे निघून आतल्या रस्त्याने, कोलॅकमार्गे, तीन तासांत थेट तिथे पोचा, सकाळी गर्दी नसते, आणि मग किनाऱ्याने सावकाश परत. तोटा एवढाच की येताना समुद्र उजव्या हाताला येतो, व्ह्यूपॉइंटला थांबायचं तर समोरची लेन ओलांडावी लागते. ते खांब बारा कधीच नव्हते, त्यातला एक जुलै २००५ मध्ये कोसळला, आणि पुढच्या लंडन ब्रिज नावाच्या खडकाची किनाऱ्याकडची कमान १९९० मध्ये पडली तेव्हा दोन पर्यटक पलीकडे अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. जवळच लॉक आर्ड गॉर्ज, १८७८ मध्ये तिथे जहाज फुटलं, ५४ पैकी दोघंच वाचली, खाली वाळूत उतरून बसलात की तो किनारा किती एकाकी आहे ते कळतं. मला तर अपॉसल्सपेक्षा हेच आवडलं. परतीच्या वाटेवर केनेट रिव्हरला युकॅलिप्टसच्या झाडांवर कोआला शोधा, मान वर करून उभे असलेले टुरिस्ट दिसले की समजायचं तिथेच आहे. अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा, संध्याकाळी कांगारू आणि वॉलबी गाडीसमोर येतात आणि आपटले की गाडीचं आणि त्यांचं, दोघांचं वाटोळं होतं.

तिसरा पर्याय अगदी कडकीतला, आणि फार लोकांना माहीत नाही. २०२३ पासून व्हिक्टोरिया राज्यातल्या व्ही लाइनच्या लांबच्या गाड्यांना पण शहराइतकंच दिवसाचं कमाल भाडं आहे. म्हणजे त्या अकरा डॉलरच्या आसपास ट्रेनने जिलाँग आणि तिथून बसने थेट अपोलो बेपर्यंत, किनाऱ्याच्या सगळ्यात सुंदर तुकड्यावरून. अपॉसल्स होणार नाहीत एका दिवसात, पण एक रात्र तिथे राहिलात तर हरकत काय. बसच्या वेळा मोजक्या असतात, परतीची आधी बघून मगच निघा. याच भाड्यात बॅलरॅट, बेंडिगो ही सोन्याच्या खाणींची जुनी गावं पण होतात.

पेंग्विन की ओशन रोड असा प्रश्न पडतो दरवेळी. फिलिप आयलंड साधारण १४० किलोमीटर, तिथे सूर्यास्तानंतर छोटे पेंग्विन, जेमतेम फूटभर उंचीचे, समुद्रातून बाहेर येऊन बिळात जातात. गोड आहेत, पण फोटो काढायला बंदी आहे, उन्हाळ्यात नऊनंतर सुरू होतं म्हणजे हॉस्टेलला परत मध्यरात्री, आणि तिकीट अधिक टूर असा दुहेरी खर्च. एकच करायचं तर ओशन रोड. आणि दोन्ही बजेटमध्ये नसेल तर बेल्ग्रेव्ह लाइनच्या शेवटच्या स्टेशनला जा, तिथून चालत शेरब्रुकचं जंगल, माउंटन अ‍ॅशची झाडं, जगातल्या सगळ्यात उंच फुलझाडांपैकी ही, आणि खाली माणूसभर उंच नेचे. नशीब असेल तर लायरबर्ड नावाचा नकलाकार पक्षी ऐकू येतो. खर्च फक्त मायकीचा.

पुढे सिडनीला किंवा दुसरीकडे विमानाने जाणार असाल तर तिकिटावर एअरपोर्टचं नाव नीट वाचा. स्वस्त तिकिटं कधीकधी अ‍ॅव्हलॉनची असतात, ते जिलाँगकडे, शहरापासून पन्नास किलोमीटरच्या वर, आणि पहाटेच्या फ्लाइटला टुलामरीनला जाऊन उभं राहिलात तर मग काही इलाज नाही. मायकीवर थोडे पैसे उरले तर कार्ड टाकून देऊ नका, चार वर्षं चालतं, हॉस्टेलमध्ये नुकतंच आलेलं एखादं जोडपं बघा आणि देऊन टाका, बदल्यात त्यांचं फ्री फूडमधलं काही मिळालं तर विमानतळावर सँडविच घ्यायला नको.